मुलांचे बूट डोंगरावर नेण्याआधी

थंडी सुरू झाली की विहाराविहारांतून लेण्यांच्या सहली निघतात. कुणी त्रिरश्मीला जातं, कुणी कान्हेरीला, कुणी जुन्नरला. आपले पुण्याकडचे लोक भाजे-कार्ल्याला. बसचे पैसे ठरतात, डब्यात काय न्यायचं ते ठरतं, पांढरे कपडे धुऊन इस्त्री होतात. मुलाच्या पायात काय आहे, हे मात्र लेणीच्या पायऱ्या सुरू झाल्यावर कळतं. मग एक मूल चपला हातात घेऊन अनवाणी चढतं, दुसरं बापाच्या खांद्यावर बसतं, तिसऱ्याच्या बुटाचा तळ पुढून सुटून जिभेसारखा लोंबत असतो. अशा सहलींना प्रथमोपचाराची पिशवी घेऊन मी अनेक वर्षं जाते. पिशवीतल्या गोळ्या बहुतेक वेळा तशाच परत येतात. संपते ती चिकटपट्टी.

म्हणून या अंकात बुटांबद्दल. आणि सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपल्या घरातलं मूल बूट लागतो असं सहसा सांगत नाही. नवीन घ्यावे लागतील, अजून पगार झालेला नाही, धाकटीचे क्लासचे पैसे द्यायचेत, हे त्याला आठव्या वर्षीच कळलेलं असतं. विचारलं तर 'नाही गं दुखत' म्हणतं. दुसरं कारण शरीरातलं आहे. मोठ्या माणसाच्या पावलात २६ हाडं असतात. लहान मुलाच्या पावलात यातला बराच भाग अजून मऊ कूर्चेचा असतो आणि तो पूर्ण हाड व्हायला किशोरवय उजाडतं. मऊ असल्यामुळे घट्ट बुटात पाऊल दबून मावतं, बोटं मुडपून बसतात, आणि मोठ्या माणसाला जितकं दुखेल तितकं मुलाला दुखतही नाही. म्हणजे मुलाला विचारून बुटाची परीक्षा होत नाही. पावलाकडे बघावं लागतं.

काय बघायचं? शाळेतून आल्यावर मोजा काढा आणि लगेच उजेडात पाऊल धरा. टाचेच्या मागे, करंगळीच्या बाहेरच्या कडेला, अंगठ्याच्या टोकाला आणि चवड्याखाली लाल डाग आहेत का? दहा-पंधरा मिनिटांत ते गेले तर ठीक. अर्ध्या-पाऊण तासानंतरही तसेच राहिले तर बूट चावतोय, मूल काहीही म्हणो. अंगठ्याचं नख काळं-निळं असेल तर बूट लांबीला कमी पडतोय, किंवा नाडी सैल असल्यामुळे पाय पुढे घसरतोय. करंगळीवर कुरूप धरलं असेल तर रुंदी कमी आहे. वर्गात बाकाखाली बूट काढून बसणारं मूल बाईंना बेशिस्त वाटतं. मला ते शहाणं वाटतं.

आता माप. दुकानात काय होतं ते आपल्याला माहीत आहे. दुकानदार नंबर विचारतो, आपण मागच्या वर्षीचा नंबर सांगतो आणि 'वाढत्या अंगाचा द्या' म्हणून एक-दोन नंबर मोठा घेतो. फ्रॉक वाढत्या अंगाचा घेतला तर फार तर दुमड घालता येते. बूट वाढत्या अंगाचा घेतला तर टाच प्रत्येक पावलाला उचलते, घासते, फोड येतो. उतारावर पाय पुढे सरकून बोटं ठेचतात. अनेकदा पुढे कापूस कोंबलेला असतो. कापसाने बूट भरतो, टाच काही धरली जात नाही.

नंबराचा हिशेबही नीट समजून घ्या. आपल्याकडच्या बहुतेक बुटांवर ब्रिटिश नंबर असतो. त्यातला एक नंबर म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. मुलांचे नंबर १३ पर्यंत जातात आणि मग पुन्हा १ पासून सुरू होतात. त्यामुळे १३ च्या पुढचा १ नंबर हा मोठा असतो, हे न कळल्याने बाजारात गोंधळ होतो. काही बुटांवर ३०, ३२ असे युरोपीय आकडे असतात. त्यात एक नंबर म्हणजे पावणेसात मिलिमीटरच्या आसपास. शिवाय दोन कंपन्यांचा एकच नंबर सारखा निघेल याची खात्री नाही. म्हणून नंबर विसरा आणि कागद वापरा.

संध्याकाळी मापा, कारण दिवसभर चालून पाऊल थोडं सुजतं. मुलाला मोजे घालून जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर सरळ उभं करा, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन. पेन्सिल उभी धरून पावलाची कड काढा. दोन्ही पावलांची काढा. एक पाऊल थोडं मोठं असतंच, आणि बूट त्याच्या मापाचा घ्यायचा. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे १ ते सव्वा सेंटिमीटर जागा सोडून पुठ्ठा कापा. हा पुठ्ठा घेऊन बाजारात जा. तो बुटात सपाट बसला पाहिजे, कडा दुमडता कामा नयेत. मूल सोबत नेता आलं नाही तरी पुठ्ठ्याने काम भागतं. रोजंदारी बुडवून मुलाला घेऊन तीन दुकानं फिरणं प्रत्येकीला जमत नाही, म्हणून ही युक्ती मी सगळ्यांना शिकवते. बुटातली गादी निघत असेल तर ती काढून त्यावर मुलाला उभं करा. बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा दिसली की माप बरोबर.

सव्वा सेंटिमीटर का, दोन का नाही? सहा-सात वर्षांखालच्या मुलाचं पाऊल महिन्याला साधारण एक मिलिमीटर वाढतं. म्हणजे सहा महिन्यांत निम्मी जागा संपते. त्यापुढे वाढ मंदावते, वर्षाकाठी एखादा नंबर. मुलींची पावलं बारा-तेराव्या वर्षापर्यंत आणि मुलांची चौदा-पंधराव्या वर्षापर्यंत बहुतेक वाढून झालेली असतात. लहान मुलाचे बूट दर तीन महिन्यांनी आणि मोठ्याचे सहा महिन्यांनी पुठ्ठ्याशी ताडून बघा. तळ अजून चांगला आहे म्हणून बूट चांगला आहे असं होत नाही.

आता डोंगर. गेल्या वर्षी आम्ही वस्तीतल्या काही मुलांच्या पायांत वेगवेगळे बूट घालून ठरवून बघितलं. सात ते तेरा वर्षांची मुलं. रोजच्या वापरात काही महिने, आणि भाज्याला दोनदा: एकदा सप्टेंबरमध्ये पाऊस चालू असताना, एकदा जानेवारीत. पुणे–लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचं, भाजे गावापर्यंत डांबरी रस्ता, मग लेण्यांपर्यंत दगडी पायऱ्या. सुमारे २२०० वर्षांपूर्वी कोरलेली ही २२ लेणी. पायऱ्या आहेत, पण पावसाळ्यात त्यांवर शेवाळ धरतं. जानेवारीत मोठ्या मुलांना घेऊन लोहगडाच्या वाटेने गायमुख खिंडीकडेही गेलो, मुद्दाम मुरमाड, घसाऱ्याची वाट मिळावी म्हणून.

काळा शाळेचा बूट, जो एकसंध प्लास्टिकचा असतो, कोरड्या पायऱ्यांवर ठीक चालला. ओल्या दगडावर मात्र साबणाच्या वडीसारखा. प्लास्टिकचा तळ कडक आणि गुळगुळीत, तो दगडाला धरत नाही. आत हवा जात नाही, घाम बाहेर येत नाही. दुपारी मोजे पिळावेत इतके ओले. रोजच्या वापरातही त्रास हाच. बोटांच्या बेचक्यात पांढरी, भिजलेली, खाजणारी कातडी म्हणजे चिखल्या. वस्तीत पावसाळ्यात निम्मं दुखणं या बुटांमुळे असतं असं मला वाटतं. शाळा हाच बूट मागते, म्हणून घ्यावा लागतो. पण घरी आल्याबरोबर काढायचा, मोजा रोज धुतलेला, आणि बेचकं कोरडं पुसायचं.

पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटाचा मला आनंददायक अनुभव आला. हलका, हवा खेळती, तळ रबराचा. पायऱ्यांवर पकड चांगली. उणीव दोन. तळ पातळ असल्याने घसाऱ्यावर खडे टोचतात, आणि भिजला की पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही. आत जाडसर गादी घातली तर लेणीच्या एक दिवसाच्या सहलीला यापेक्षा महाग काही लागत नाही.

फुटपाथवर मिळणारा रंगीत 'स्पोर्ट शूज' मुलांना सगळ्यात आवडतो, आणि का आवडू नये. पण तो नुसता चिकटवलेला असतो. दोन महिने शाळा, क्रिकेट, एक पाऊस, की पुढून तळ सुटतो, आणि तो डोंगरावरच सुटतो. उपाय सोपा आहे. नवा असतानाच, घरी आणण्याआधी, कोपऱ्यावरच्या चांभारदादांकडून चारही बाजूंनी शिलाई मारून घ्या. त्या थोड्या पैशांत बुटाचं आयुष्य किती वाढतं ते आम्ही बघितलं. सुटल्यावर चिकटवून घेतलेला बूट पुन्हा सुटला. आधी शिवलेला टिकला.

खास डोंगरासाठीचे मुलांचे बूट आता खेळाच्या मोठ्या दुकानांत मिळतात. आम्ही दोन जोड मागून आणले होते. तळ जाड रबराचा, त्याला खोल दाते, पुढे बोटांवर कडक आवरण, टाचेला कडक आधार. घसाऱ्यावर फरक लगेच दिसला: उतरताना इतर मुलं बसून सरकत होती, हे दोघे चालत उतरले. पण शेवाळलेल्या ओल्या पायरीवर हे बूटही घसरले. हे लक्षात ठेवा, कारण महाग बूट पायात आहेत म्हणून मूल पळायला लागतं. शेवाळावर पकड देणारा बूट मी तरी पाहिलेला नाही. तिथे हात धरायचा आणि पाऊल सपाट टाकायचं. रोजच्या वापरात हे बूट जड, उन्हाळ्यात गरम, आणि शाळेत चालत नाहीत. वर्षाने लहान होतात. दुकानदार 'पाणी आत जात नाही' म्हणून दोन पैसे जास्तीचे सांगतो. आपल्या सह्याद्रीतल्या पावसात पाणी वरून, घोट्याकडूनच आत शिरतं आणि मग तशा बुटातून बाहेर पडत नाही. त्यापेक्षा जाळीचा, लवकर वाळणारा बूट बरा.

घोट्याच्या वर येणारा उंच बूट घ्यायचा का? काट्याकुट्यापासून आणि दगडाच्या ठोकरीपासून तो वाचवतो. पाय मुरगळणारच नाही असं मात्र समजू नका. तसंच 'मुलाचं पाऊल सपाट आहे, खास गादी लागेल' असं कुणी सांगितलं तर घाबरू नका. पाच-सहा वर्षांपर्यंत बहुतेक मुलांची पावलं सपाटच दिसतात. दुखत असेल, पाऊल ताठर असेल किंवा एकच पाऊल सपाट असेल, तर सरकारी रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

एकूण काय, पैसे मोजके असतील तर ते आधी मापावर लावा, मग तळाच्या रबरावर, मग शिलाईवर. रंग, नाव, चमक शेवटी. लेण्यांच्या पायऱ्यांसाठी डोंगरी बूट लागत नाही. गडावर, घसाऱ्याच्या वाटेने वारंवार जाणार असाल तर लागतो.

दुकानात उभ्या उभ्या करायच्या तीन तपासण्या. बूट दोन्ही हातांनी वाकवा: तो चवड्याच्या जागी वाकला पाहिजे, मधोमध घडी पडत असेल तर ठेवून द्या. टाचेचा मागचा भाग अंगठ्याने दाबा: सहज चेपला तर टाच धरणार नाही. तळात नख रुतवा: रबर दबून परत येतं, कडक प्लास्टिकवर नख घसरतं.

खरी तपासणी घरी. बिल जपून ठेवा आणि पहिल्या संध्याकाळी तासभर घरातच, पुसलेल्या फरशीवर घालायला द्या, म्हणजे बदलून घेता येतो. मग किराणा आणायला, मग विहारापर्यंत, मग शाळेच्या अर्ध्या दिवसाला. प्रत्येक वेळी मोजा काढून ते चार डाग बघायचे. सहलीच्या आधी किमान दहा दिवस हे सुरू झालं पाहिजे. सहलीच्या सकाळी खोक्यातून काढलेला नवा बूट, मग तो कितीही भारी असो, दुपारपर्यंत फोड देणार.

डोंगर घराजवळ नसला तरी उतार असतो. पाण्याची बाटली भरलेलं दप्तर पाठीवर देऊन मुलाला चाळीचा जिना पाच वेळा चढायला-उतरायला लावा. उतरताना अंगठा बुटाच्या टोकाला टेकला का, हे विचारू नका. थांबवून वरून दाबून बघा. टेकत असेल तर आधी नाडी बघा. बहुतेक मुलं नाडी कायमची बांधून ठेवतात आणि बुटात पाय कोंबतात, त्यात टाचही चेपून जाते. टाच जमिनीवर आपटून मागे बसवायची, नाडी खालच्या छिद्रापासून एकेक ओढत वर यायची, आणि दुहेरी गाठ. एवढं करूनही टेकला तर बूट आखूड आहे. ओल्या पकडीसाठी सार्वजनिक नळाचा ओटा आहेच. शेवाळ नसलेल्या ओल्या भागावर मुलाचे दोन्ही हात धरून त्याला उभं करा आणि हलकेच पाय सरकवायला सांगा.

मोजा सुती जाड असेल तर घाम शोषून ओलाच राहतो, म्हणून लांब चालण्याला मिश्र धाग्याचा बरा, आणि एक जोड जास्तीचा पिशवीत हवाच. मोज्याची शिवण बोटांवर टोचत असेल तर उलटा घाला. कुणी बघत नाही. नखं दोन दिवस आधी सरळ कापा. कोपरे खोल कापले तर नखुरडं होतं.

वाटेत मूल 'चरचरतं' म्हणालं किंवा नुसतं लंगडलं, तर तिथेच थांबा. लाल झालेल्या जागी सुरकुती न पडू देता चिकटपट्टी लावा. वर पोहोचल्यावर बघू म्हणाल तर वर फोड भेटेल. फोड आला तर तो फोडू नका, वरची कातडी ही त्याची स्वच्छ पट्टी आहे. आपोआप फुटला तर साबण-पाण्याने धुऊन स्वच्छ कापडाने झाका. हळद, तंबाखू, टूथपेस्ट काही लावायचं नाही. भोवती लाली पसरत गेली, पू झाला, ताप आला तर दवाखाना. पाय मुरगळला तर थंड पाण्याची पट्टी, क्रेप बँडेज, पाय उंच. तेल लावून चोळू नका, 'उतरवणाऱ्या'कडे नेऊ नका. चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढा. बुटातून खिळा आरपार गेला तर धुऊन दवाखान्यात जा आणि लसीचं कार्ड सोबत न्या. सरकारी वेळापत्रकात दीड-दोन वर्षांच्या सुमारास, मग ५ ते ६ वर्षांत, १० व्या आणि १६ व्या वर्षी धनुर्वाताविरुद्धचा डोस येतो. वस्तीत शेवटचे दोन हमखास राहिलेले असतात.

'आमच्या वेळी कुठे बूट होते, अनवाणी पोरं काटक होतात' असं म्हणणारी मंडळी प्रत्येक बैठकीत असतात. आपल्या आज्या-पणज्यांना गावच्या काही गल्ल्यांतून पायातलं काढून हातात धरून जावं लागे. ती काटकपणाची सवय नव्हती. आणि मातीतून तळपायाच्या कातडीतून शिरणारा आकडीकृमी आतड्यात बसून रक्त पितो. फिकट, दमणाऱ्या मुलीला लोहाच्या गोळ्या देताना ती शौचाला आणि खेळायला अनवाणी जाते का, हेही विचारायला हवं. १ ते १९ वर्षांच्या मुलांना फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये अंगणवाडीत, शाळेत जंताची गोळी मिळते, ती चुकवू नका. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून जखमेच्या पायाने चालावं लागलं तर लेप्टोचा धोका असतो; घरी येऊन साबणाने पाय धुवा आणि ताप येण्याची वाट न बघता डॉक्टरांना विचारा.

पैशांचं बोलू. सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना एक जोड बूट आणि दोन जोड पायमोजे मोफत देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये घेतला. तुमच्या शाळेत ते आले का, मापाचे आले का, हे शाळा व्यवस्थापन समितीत विचारा. माप घेताना मुलाचा पुठ्ठा बाईंकडे द्या. आमच्या विहारात आम्ही एक पेटी ठेवली आहे. ज्याच्या पायाला बूट लहान झाला त्याने तो धुऊन, उन्हात वाळवून त्यात ठेवायचा. लागेल त्याने न्यायचा. डोंगरी बूट वर्षाने लहान होतात, त्यामुळे त्यांना हे फार उपयोगी. जुना बूट घेताना टेबलावर ठेवून मागून बघा. एका बाजूला झुकत असेल, टाच चेपलेली असेल तर नको, कारण तो पहिल्या मुलाच्या चालीने झिजलेला असतो. आतली गादी नवी घाला. पेटीवर 'मदत' वगैरे लिहू नका, नाहीतर मोठी मुलं हात लावत नाहीत.

भिजलेला बूट चुलीजवळ किंवा गॅसजवळ वाळवू नका, डिंक सुटतो. गादी बाहेर काढा, आत रद्दी कोंबा, तासाभराने रद्दी बदला, आणि सावलीत वाऱ्यावर ठेवा. दाराबाहेर ठेवलेला बूट सकाळी उलटा करून आपटल्याशिवाय पायात घालू देऊ नका, सहलीच्या मुक्कामी तर मुळीच नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध लागू पडतं हे दाखवून दिलं आणि अनेक जीव वाचले. पण ते औषध वेळेत मिळायला मूल मांत्रिकाकडे न जाता सरळ रुग्णालयात पोहोचलं पाहिजे. १०८ हा क्रमांक सहलीच्या प्रत्येक मोठ्या माणसाला पाठ हवा.

पुढच्या सहलीची तारीख ठरली असेल तर या रविवारी वंदनेनंतर मुलांना थांबवून घ्या. जुने पुठ्ठे, पेन्सिल आणि कात्री एवढं पुरतं; तीस-चाळीस मुलांची पावलं काढायला तासभर लागतो. पुठ्ठ्यावर मुलाचं नाव आणि तारीख लिहायला विसरू नका.